राईतून गेलेली लाईन

गेल्या रविवारी धवल घरी आला होता. सिद्धेशच्या घरी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या. तो दिंडोशीला म्हाडा कॉलनीत राहतो. मी कांदिवलीहून सकाळीच आले होते, म्हणून दार मी उघडलं. हा उभा, घामाने निथळत, डोक्याला कलिंगडाच्या सालीसारखं हेल्मेट, पायात फरशीवर टकटक वाजणारे सायकलवाल्यांचे बूट. हसून म्हणाला, कुंदाताई, सिद्धेश आहे का, जुन्नरच्या बाजूला नवीन रूट काढायचाय, गावातल्या लोकांशी त्याच्याइतकं गोड कोणाला बोलता येत नाही.

सिद्धेश आत स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता आणि शब्द न् शब्द ऐकत होता. मी सांगितलं, ड्युटीवर गेलाय. जाता जाता हा शहाणा म्हणतो कसा, गेल्याच महिन्यात आम्ही परत तुमच्या गावाला राइड करून आलो, तुमच्या अनंतकाकांकडे जेवलो, काय सोलकढी होती म्हणून सांगू. मी दार लावून घेतलं. चांगलं आपटून लावलं. आत येऊन बघते तर सिद्धेशने सोललेल्या पाकळ्या सालींतच टाकल्या होत्या.

त्याची सायकल बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी असते, वर आईची जुनी चादर. शेजारी कुरकुरतात, जायला-यायला अडचण होते म्हणतात. मानसी, त्याची बायको, म्हणते विकून टाक. तो विकत नाही आणि हातही लावत नाही. एकेकाळी हाच माणूस रविवारी पहाटे ती सायकल पुसून पुसून चकचकीत करायचा. आम्ही चिडवायचो, बायकोचं तोंड एवढं निरखून बघितलं नसशील कधी.

मी दिंडोशी कोर्टाबाहेर वकिलांचं टायपिंग करते. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करून माझी जीभ अशी झालीय, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. असू दे. माझ्या भावाच्या बाबतीत जे झालं त्याची केस कुठल्याच कोर्टात उभी राहणार नाही, म्हणून मी ती इथे मांडते.

आमचं गाव पालसुळे. राजापूरच्या वर, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची, पावणाईची पालखी घरोघर फिरते. ती खळ्यात, म्हणजे अंगणात उतरते, घरची बाई ओटी भरते, घरधनी नारळ देतो, पुरुष तिला खांद्यावर घेऊन नाचवतात. कोकणातला माणूस मुंबईत साहेब होवो नाहीतर हमाल, त्या दिवशी त्याचं घर उघडं असलं पाहिजे. घर बंद, दिवा नाही, तर पालखी न थांबता पुढे जाते. त्यासारखी नामुष्की नाही.

आमचे बाबा, गुणाजी, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे मुलुंडला एका टॉवरवर वॉचमन झाले. शिमग्याला वॉचमनला कोण सुट्टी देतो. गावचं घर आधी गळलं, मग बसलं. गावाहून कोणी आला की बाबा एवढंच विचारायचे, पालखी आमच्या खळ्यापुढे जरा तरी थांबली काय. येणारा म्हणायचा, थांबली की. खोटं बोलायचा बिचारा, आणि बाबांनाही ते कळायचं, तरी पुढच्या वर्षी परत विचारायचे. बाबा गेले तेव्हा सिद्धेश विशीत होता. त्याने तेव्हा काही शपथबिपथ घेतली नाही, पण ते त्याच्या डोक्यात राहिलं. काहीही करून पालखी बाबांच्या खळ्यात उतरवायची. बाकी त्याला आयुष्यात काही मोठं करायचं नव्हतं.

अंधेरीच्या ऑफिसांतल्या लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस आणि उंदरांच्या संगतीत. म्हणून असेल, सुट्टीच्या दिवशी त्याला मोकळ्या हवेत जायला लागायचं. आधी साधी सायकल घेऊन आरे कॉलनीत जायचा. तिथे त्याला धवलचा ग्रुप भेटला. घाटकोपर, मुलुंड, चेंबूरची माणसं, सगळी बड्या हुद्द्यांवरची. त्यांच्याकडे ह्या ग्रॅव्हल सायकली, धड डांबरी रस्त्याच्या नाहीत, धड डोंगराच्या नाहीत, पण मातीच्या, खडीच्या, बैलगाडीच्या वाटेवर मस्त पळणाऱ्या. ग्रुपमधल्याच कोणाची जुनी सिद्धेशने घेतली आणि वेडा झाला.

हळूहळू ग्रुपचे सगळे रूट तोच काढायला लागला. मावळात, मुरबाडच्या बाजूला, माळशेजच्या खाली. नकाशावर रेघ मारून रूट काढणारे पुष्कळ असतात हो. ह्याची पद्धत वेगळी. आधी एकटा जायचा. वाडीत शिरला की सायकल आडवी ठेवून कोणाच्या तरी ओटीवर बसायचा, चहा घ्यायचा, मी अमक्याचा तमका सांगायचा, आणि विचारायचा, ही वाट कोणाची, आम्ही गेलो तर चालेल ना. कोणी नको म्हटलं तर ती वाट सोडायचा, मग ती कितीही झकास असो. वाटेत बेडं लागलं, म्हणजे बांबूचं फाटक, तर उघडून पुढे जायचं आणि मागे वळून लावायचं, हा त्याचा नियम. आणि रूट पक्का झाला की त्या शिवेवरच्या देवाला एक नारळ. ग्रुपवाले हसायचे. नारळ कोणाच्या बॅगेत आहे बघा रे, म्हणायचे. हा पण हसायचा. भोळा सांब आमचा.

मग त्याच्या मनात आलं, आपल्याच गावावरून एक रूट का नको. वर सडा आहे, कातळाचा मैलभर सपाट माळ. तिथून लाल मातीची वाट खाली वहाळात, म्हणजे ओढ्यात उतरते, पुढे घाटाखालच्या धनगरवाड्यापर्यंत जाते. दिसायला स्वर्ग. ह्याच निमित्ताने तो गावात वारंवार जायला लागला, आणि जाईल तेव्हा बाबांच्या पडक्या घरावर राबायला लागला. चिरे बसवले, वर पत्रे घातले, मानसीने खळं सारवून घेतलं. दोन खोल्याच, पण घर उभं राहिलं.

गावच्या बैठकीत रूटचा विषय त्यानेच काढला. अनंतकाका गावकर, म्हणजे गावातला पहिला मान त्यांचा, आणि आमच्या बाबांचे चुलतभाऊ. काका म्हणाले, येऊ देत सायकलवाले, बायका जेवण घालतील, पोरांना चार कामं मिळतील. पण पावणाईच्या राईत चाक जाता नये. राई म्हणजे आमची देवराई. आत मोठमोठे वृक्ष, मध्ये देवीचे बिनघडवलेले पाषाण पाचोळ्यात मांडलेले. तिथे वहाण घालून जायचं नाही, वाळलेली काडी उचलायची नाही. सिद्धेश म्हणाला, काका, हे तुम्ही मला सांगताय? वाट राईच्या बाहेरून जाईल, चढ आहे, सायकली खांद्यावर घ्यायला लावीन एकेकाला. काका खूश झाले. घर उभं केलंस, ह्या शिमग्याला पालखी गुणाजीच्या खळ्यात उतरेल, असं सगळ्यांसमोर बोलले. त्या संध्याकाळी सिद्धेशने मला फोन केला, पालखी उतरणार ताई, एवढंच परत परत. मी इकडे कोर्टाबाहेर टाइपरायटरवर डोकं ठेवून रडले. रडले तर रडले.

राइडच्या आदल्या दिवशी तो पुढे गेला. धवल मुंबईहून सारखा फोन करत होता, फायनल लाईन पाठव, लोकांना द्यायचीय. ही लाईन म्हणजे काय, तर तुम्ही जाल तशी फोनमध्ये आपोआप रेघ उमटत जाते. ती दुसऱ्याला पाठवली की त्याच्या हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर दिसते, आणि रेघ सोडली की ते यंत्र कोकलायला लागतं. सिद्धेश फोन खिशात टाकून शेवटची फेरी मारायला निघाला. राईशी आला. उद्या एवढी माणसं शिवेतून जाणार, तर देवीला नारळ नको? पलीकडून बाहेर पडायचं असतं म्हणून सायकल खांद्यावर घेतली, चाक मातीला टेकू दिलं नाही, चपला काढून बाहेर ठेवल्या, अनवाणी आत गेला. पाषाणापुढे नारळ ठेवला, हात जोडले. आमच्याकडे देवीला पाठ दाखवून मागे फिरत नाहीत, समोरच्या अंगाने बाहेर पडतात. तसाच तो बाहेर पडला, फेरी संपली म्हणून फोनमधली रेघ बंद केली, मग वळसा घालून चपला घेतल्या आणि गावात आला. खिशातल्या फोनला काय ठाऊक, हा देवीला गेला होता की रूट काढत होता. त्याने आपली रेघ मारली, राईच्या बरोबर मधून. आणि आमच्या सिद्धेशने ती न बघता धवलला पाठवून दिली.

संध्याकाळी गावातल्या पोरांना घेऊन त्याने राईच्या बाहेरच्या वाटेवर चुन्याच्या खुणा मारल्या. सकाळी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं, राईपाशी आलात की चुना बघा, सायकल उचला, आत जाऊ नका. माना डोलावल्या सगळ्यांनी. मग मागे एकीचं चाक पंक्चर झालं, तर तिला मदत करायला हाच थांबला. पुढचे राईशी पोचले. चुना चढाकडे दाखवत होता, स्क्रीन सरळ आत दाखवत होती. ह्या लोकांचं चुन्यापेक्षा स्क्रीनवर भारी प्रेम. घुसले. बूट घालून, सायकलीवर बसून, आरडाओरडा करत. एकाच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. पाचोळ्यावर चाक घसरतं, एक पाषाण कलंडतो, दुसऱ्याला चाक लागतं, आणि आदल्या दिवशीचा सिद्धेशचा नारळ उडून झाडाच्या मुळाशी जाऊन पडतो. मागून कोणीतरी खिदळतंय.

जेवणाच्या वेळी सिद्धेशने धवलला बाजूला घेतलं. भांडायचं त्याला येत नाही. त्याने एवढंच विचारलं, सकाळी सांगितलं होतं ना मी.

धवल म्हणाला, "लाईन तर तूच दिलीस ना, सिद्धेश? मी रात्रीच बघितली होती, जंगलातून जाते ती. मला वाटलं, गाववाल्यांसमोर तसं बोलतोयस, पण आमच्यासाठी हा भारी तुकडा मुद्दाम ठेवलायस."

म्हणजे ह्याने बघितलं होतं. सकाळी एका शब्दाने विचारलं असतं तर सगळं टळलं असतं. पण ह्याच्या डोक्यात आलं काय, तर हा माणूस आपल्याच गावाशी खोटं बोलतोय. स्वतःच्या मापाने जग मोजणारा माणूस. ह्याला मी दारातून परत पाठवलं तर काय चुकलं माझं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण ग्रुपने तो व्हिडिओ टाकला, आणि सायकलवाल्यांच्या अ‍ॅपवर राईतल्या त्या तुकड्याला नाव दिलं सिद्धेशचं. आभार म्हणून, हं. त्याच्या कष्टांचा सन्मान म्हणून. आमच्या गावची पोरं काय, मुंबईतच असतात सगळी, दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर. देवीचे पाषाण कलंडतायत आणि वर अक्षरं, सिद्धेश. सिद्धेशने आपली लाईन काढून टाकली, धवलला सांगून व्हिडिओही काढायला लावला. पण तोवर ती लाईन कोणाकोणाकडे गेली होती, आणि ते नाव अजून तसंच आहे.

तो तडक गावाला गेला. अनंतकाकांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं, फोनपासून नारळापर्यंत. गुरवाला बोलावून पाषाण नीट करून घेतले, देवीची शांती केली. काका सगळं ऐकून म्हणाले, "बघू. देवीच्या मनात काय असात ता."

मी त्याला म्हटलं, बाबा रे, बघू म्हणजे काय? कोर्टात साहेब बघू म्हणाले की तारीख पडते. काकांकडून हो की नाही वदवून घे. तर म्हणतो, ताई, काका मोठे आहेत, त्यांना असं विचारायचं नसतं. त्यांच्या मनात असतं तर तोंडावर बोलले असते. पालखी येणार, तू ओटीची तयारी कर.

शिमग्याला आम्ही सगळे गेलो. मानसीने खळ्यात सडा घातला, रांगोळी काढली. सिद्धेशने आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. बाबांचा गिरणीतल्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता, तो दर्शनी भिंतीवर लावला. नवा सदरा घालून, हातात नारळ घेऊन तो सारखा आत-बाहेर करत होता. लग्नातसुद्धा एवढा घाबरा झाला नव्हता.

पालखी निघायच्या आधी सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावर, गाऱ्हाणं होतं. गावकर देवीपुढे उभा राहून गावाच्या वतीने एक एक मागणं घालतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. अर्थ ऐकत कोणी बसत नाही. आमच्याकडची पोरं बोलायला लागायच्या आधी हे म्हणायला शिकतात, ते दम घेण्यासारखं आपोआप तोंडातून येतं. आम्ही बायका मागे उभ्या होतो. सिद्धेश पुढे, डोळे मिटून, हात जोडून. लहानपणापासून त्याचा आवाज सगळ्यांत वरचा.

अनंतकाकांनी सुरू केलं. बा पावणाई माते म्हाराजा, आज तुझी लेकरां हय जमली हत, तेंची राखण कर म्हाराजा. व्हय म्हाराजा. जो कोण मुंबयत असात, परमुलखात असात, तेका सुखात ठेव म्हाराजा. व्हय म्हाराजा. गुराढोरांक, झाडामाडांक बरा कर म्हाराजा. व्हय म्हाराजा. सुरात सूर, दम घ्यायला फट नाही. आणि त्याच सुरात, आवाज जराही न बदलता, काका म्हणाले,

"तुझ्या राईत जेनी चाकां घातली, आणि जेनी तेंका वाट दाखवली, तेच्या खळ्यात तुझी पालखी उतरूची नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत वर सिद्धेशचा आवाज. तो अजून डोळे मिटून होता. मी बघत होते, मला दिसलं, त्याचे ओठ आधी मिटले आणि मग डोळे उघडले. त्याने इकडे तिकडे बघितलं. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. काका पुढच्या मागण्यावर गेले होते, आणि पुढच्या मागण्याला सिद्धेशचा आवाज नव्हता.

मला विचाराल तर काकांनी हे ठरवून केलं. घरी बोलावून तोंडावर सांगितलं असतं तर ह्याने हातापाया पडून काही मार्ग काढला असता, चार लोक मध्ये पडले असते. गाऱ्हाण्यात कोण मध्ये बोलणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. राईची विटंबना झाली हे मलाही लागलंय, मी पण त्याच देवीची लेक. पण चोर सोडून संन्याशाला सुळी, ही कुठली रीत? ज्यांची चाकं गेली ते आज त्याच काकांच्या खळ्यात पंगतीला बसतात. दारावर पाटी लागलीय, सायकलवाल्यांची राहण्याची व जेवणाची सोय. काकांचा नातू त्यांना वाट दाखवायला जातो. गाऱ्हाण्यातलं 'वाट दाखवली' ते त्याला लागू होत नाही बहुतेक.

आम्ही घरी येऊन खळ्यात उभे राहिलो. मानसी सहाणेवर आलीच नव्हती, तिला मी काही सांगितलं नाही, ती ओटीचं ताट घेऊन दारात. ढोल जवळ आला. शेजारच्या खळ्यात पालखी उतरली, नाचली, तिथल्या म्हाताऱ्याने भरल्या डोळ्यांनी तिला हात लावला. मग पुन्हा खांद्यावर गेली आणि आमच्या बेड्यापर्यंत आली. सिद्धेशने सकाळपासून ते सताड उघडं ठेवलं होतं. ढोल वाजायचा थांबला नाही. पालखी धरणाऱ्यांत त्याच्या बरोबरीचे दोघे होते, ते मान खाली घालून चालत राहिले. पुढच्या घरापाशी पोरं ओरडली, आली आली म्हणून.

माझं डोकं फिरलं. मी तरातरा निघाले, रस्त्यावर जाऊन सगळ्या गावासमोर काकांना विचारणार होते. सिद्धेशने माझा दंड धरला.

"नको ताई."

"सोड मला. कोणी विचारायचं नाही का त्यांना?"

"काय विचारणार?" तो म्हणाला. "मीच व्हय म्हटलंय. देवीसमोर."

दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करणारी मी, बेड्यापासून मागे फिरले. मानसी ताट घेऊन अजून दारातच होती, तिला वाटत होतं पालखी वळून येईल. सिद्धेश जाऊन बेडं लावून आला. हातातला नारळ त्याने तिच्या ताटात ठेवला, मग परत उचलला. देवीसाठी काढलेला नारळ, घरात फोडून खाता येत नाही, आणि देवीपाशी न्यायला आता वाट नव्हती. तो तसाच पिशवीत घालून आम्ही मुंबईला घेऊन आलो.